मुंबईमार्गे

शुभा, तुझी एक बेरीज मी खोडली आहे. आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणशील, "माझी पाठ वळली आणि तुम्ही सुरू झालात." लालबागच्या शाळेत सगळी नोकरी चौथीला गणित शिकवण्यात घालवलेल्या बाईची बेरीज खोडायची म्हणजे खायचं काम नाही. तू होतीस तेव्हा एकदाच धीर करून "चुकलीस" म्हणालो होतो. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. विचारलं तर म्हणालीस, "असेल की. तुमचं मोजायचं चुकलं असेल."

श्रावणातली दुपार होती. तू जेवणाच्या टेबलाशी बसून वाल सोलत होतीस, मी पेपर वाचत होतो. एकदम म्हणालीस, "अहो, मेधाच्या घरापासून केदारच्या घरापर्यंत विमानानं किती अंतर असेल हो?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मुलगी टोरांटोला, मुलगा ऑकलंडला, आणि मी जन्मभर फोर्टातल्या शिपिंग कंपनीत या बंदरापासून त्या बंदरापर्यंतची अंतरं काढत बसलेला माणूस. इतक्या वर्षांत घरात कुणी मला त्यातलं ओ की ठो विचारलं नव्हतं. मी चष्मा शोधेपर्यंत तू स्वतःच उत्तर देऊन मोकळी झालीस.

"टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. मुंबई ते ऑकलंड सव्वाबारा. म्हणजे पावणेपंचवीस हजार. अगं बाई, केवढं लांब!"

"अगं, पण मधे मुंबई कशाला?" मी म्हणालो.

"मग कुठून जाणार?"

"सरळ."

"सरळच सांगत्येय मी."

आता या बाईला काय म्हणायचं? मी कपाटावरचा पृथ्वीचा गोल काढला, मेधाला शाळेत बक्षीस मिळालेला, ज्यात अजून सोविएत रशिया अखंड आहे. धूळ पुसली. रोज सकाळी दाराच्या कडीला लटकणाऱ्या फुलपुडीचे दोरे तू गुंडाळून ठेवायचीस, त्यातला एक घेतला. एक टोक टोरांटोवर, एक ऑकलंडवर, आणि ताणून धरला. दोरा कॅनडातून निघाला, अमेरिका तिरकी ओलांडून पॅसिफिकमधे उतरला आणि पाण्यापाण्यानं थेट न्यूझीलंडला पोचला. मग तोच दोरा विषुववृत्तावर धरून हिशेब केला आणि म्हणालो, "हे बघ. जेमतेम चौदा हजार. नॉटिकल मैलांत हवं असेल तर..."

"माझ्या घरात किलोमीटर," तू म्हणालीस. "आणि यात मुंबई कुठाय?"

"मुंबई वाटेत येतच नाही, शुभा. ती पार पलीकडच्या बाजूला."

वाल सोलायचे थांबवून तू गोल आपल्याकडे ओढलास आणि मुंबई नाकासमोर येईपर्यंत फिरवलास. टोरांटो, ऑकलंड, माझा दोरा, सगळं मागे गेलं. "आता दिसतोय का तुमचा दोरा? नाही ना? मग झालं तर." आणि वर समजूत घातल्यासारखं म्हणालीस, "अहो, ती दोघं एकमेकांकडे जायला निघाली की आधी इथे येणार. आंघोळी करणार, जेवणार, पाठ टेकणार. मग पुढे. आईला वगळून भावंडांची वाट जाईल कशी?"

मी हसलो. म्हणालो, "म्हणजे एस.टी.ची पाटी. टोरांटो-ऑकलंड, मुंबईमार्गे." तुला ते फार आवडलं. खिडकीकडे बघत दोनतीनदा स्वतःशीच म्हणालीस, मुंबईमार्गे, मुंबईमार्गे. नवऱ्याच्या विनोदाला तू दिलेली दाद मोजायला एका हाताची बोटं पुरतील, त्यातली ही एक.

पण हे अंतर तुला एकाएकी का हवं झालं होतं, ते मला कळत नव्हतं असं नाही. पोरं एकमेकांशी बोलत नव्हती. तुझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा केदारची मुलगी नुकतीच जन्मली होती. मेधा धावत आली, तिनं एकटीनं सगळं निभावलं. केदारला कळवलं नव्हतं. तू घरी आल्यावर कुठल्याशा भाचीनं फॅमिली ग्रुपवर "मावशी, सुखरूप घरी आलीस, बरं वाटलं" असं टाकलं, आणि आईची छाती उघडून परत शिवली हे आपल्या मुलाला ऑकलंडमधे बसून त्यातून कळलं. त्यानं बहिणीला फोन लावला. "मी घरचा नाही का?" ती पोर रात्रंदिवस जागून दमलेली. बोलून गेली, "कळवलं असतं तर आला असतास का एवढ्या लांबून?"

झालं. त्या एका 'का'वर दोघांचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी गत. दोघंही तुझ्यावर गेलेली, तर मी कुणाला काय बोलणार?

तेव्हापासून तू मधे बसलीस. त्याचा निरोप तिला, तिचा निरोप त्याला. आणि निरोप तरी कसले! मी शेजारी बसून ऐकायचो ना. केदार म्हणायचा, "तिला काय पडलंय माझं?" पुढच्या फोनवर तू मेधाला सांगायचीस, "केदार तुझी चौकशी करत होता हो." मेधा म्हणायची, "त्याचे नखरे तूच ऐक, मला नको सांगूस." ते ऑकलंडला पोचायचं, "ताईनं तब्येतीला जपायला सांगितलंय." मी डोळे वटारले की तू फोनवर हात ठेवून मला दटावायचीस, "तुम्ही पेपर वाचा." इतकं खोटं इतक्या प्रेमानं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

एका भाऊबीजेला तर कहर केलास. भाऊ जवळ नसला की बहिणी चंद्राला ओवाळतात, ती आपली जुनी रीत. तू मेधाच्या मागे लागलीस, "नुसतं निरांजन घेऊन गॅलरीत जा, चंद्राला ओवाळ, त्याला कळायचीही गरज नाही." मग मला विचारलंस, "टोरांटोतून दिसतो तोच चंद्र ऑकलंडमधून दिसतो ना हो?" मी म्हटलं, "तोच. पण आता काय चंद्रामार्गे का? पावणेचार लाख किलोमीटरच्या वर आहे तो. त्यापेक्षा मुंबई परवडली." तू हसली नाहीस. मेधानं फोनवर हो म्हटलं, नाही म्हटलं, काही कळलं नाही. पण तू स्वतः संध्याकाळी ताटलीत निरांजन घेऊन आपल्या बाराव्या मजल्याच्या खिडकीशी उभी राहिलीस. चाळ असती तर कठड्याशी शेजारणी जमल्या असत्या. टॉवरच्या त्या सरकत्या काचेशी तू एकटीच होतीस. कुणाच्या वतीनं ओवाळत होतीस ते मी विचारलं नाही. नुसता मागे येऊन उभा राहिलो.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येतो. ते अर्धंच राहिलं आणि मला ते सोडायचं नाही.

केदारला कळवू नका, हे तूच सांगितलं होतंस. ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा मेधाचा हात धरून म्हणालीस, "बाळंतिणीला टाकून येईल तो वेडा. माझी शपथ आहे तुला, त्याला सांगायचं नाही." मेधानं शपथ पाळली. नुसती पाळली नाही, सगळा आळ स्वतःवर घेतला आणि कुणी सांगितलं होतं हे भावाला आजवर बोलली नाही. तिची जीभ तिखट, पण काळीज कसलं आहे बघ. आणि तू? मी तुला किती वेळा म्हटलं, "अगं, त्याला खरं सांग, एका मिनिटात मिटेल." दर वेळी तुझं एकच, "सांगेन. फोनवर सांगायची गोष्ट आहे का ती? समोर बसवून, पाठीवर हात ठेवून सांगेन. तुम्ही मधे पडू नका." दिवाळीला तो येणार होता. तू तोवर थांबली नाहीस.

म्हणजे बघ हं शुभा, त्यांच्या मधली वाट अडवलीस तूच, आणि मग म्हणालीस, आता सगळ्यांनी माझ्यावरून जा. राग येतो मला तुझा. आत्ताही येतो. आणि राग आला की नेहमीसारखा मान वळवून स्वयंपाकघराकडे बघतो आणि तिथे कुणी नसतं. मग रागाचं काय करायचं ते समजत नाही.

पोरांसाठी तुला एक दिवस थांबवून ठेवलं होतं. दोघंही आली. एकाच सकाळी, तासाभराच्या अंतरानं एकाच विमानतळावर उतरली, आणि गिरगावात दोन टॅक्सींतून आली. मी खाली उभा होतो. आधी मेधाची टॅक्सी थांबली, तिच्या मागे लगेच केदारची. दोघांनी आपापल्या बॅगा उतरवल्या. दोघांनी मलाच मिठी मारली, एकानं या बाजूनं, एकानं त्या. माझ्या छातीवर त्यांची डोकी एकमेकांना लागली तरी बोलली नाहीत. तुला बघितल्यावर मात्र दोघंही लहान मुलांसारखी रडली. तेही वेगवेगळ्या कोपऱ्यात.

पुढचे दिवस तर विचारू नकोस. एकाच टेबलाशी जेवायला बसायची आणि मधे मी. "बाबा, त्याला सांगा गिझर चालू आहे." "बाबा, तिला विचारा, गुरुजी किती वाजता येणार आहेत?" हातभर अंतर गं! आमटीचं भांडं सरकवण्याइतकं. आणि मी बसलोय मान इकडून तिकडे करत. चौथ्या-पाचव्या दिवशी मला कळून चुकलं, की तू जाताना तुझी नोकरी माझ्या गळ्यात मारून गेलीस. आता रोज सकाळी एकाचं ऐकायचं, त्याला साखर लावायची, दुसऱ्याला सांगायचं. आणि माझ्या मागे? माझ्या मागे मुंबईत आहे कोण?

हे मनात आलं आणि मी अर्ध्या पानावरून उठलो, खरंच सांगतो. आपण दोघं गेल्यावर ही भावंडं एकमेकांच्या मरणाची बातमी कुणाकडून तरी ग्रुपवर वाचतील. तुझ्या ऑपरेशनची वाचली तशी.

केदारच्या निघण्याच्या आदल्या दिवशी त्याला घेऊन दादरला गेलो. सुनेला मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी हवी होती. येताना टॅक्सी परळच्या पुलावर अडकली, नेहमीसारखी. पुढे बस, मागे टेम्पो, हलायला जागा नाही. भाजणीची पिशवी त्याच्या मांडीवर, तिचा खमंग वास गाडीभर. म्हटलं, हीच वेळ. पाठीवर हात ठेवून सांगेन म्हणाली होतीस, म्हणून मी हात ठेवला. मला काही ते तुझ्यासारखं जमत नाही, हात नुसताच तिथे पडून राहिला.

"केदार," मी म्हणालो, "तुला कळवायचं नाही असं तुझ्या आईनं सांगितलं होतं. मेधाला शपथ घातली होती. ताईचा त्यात काही दोष नाही."

त्यानं मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "ताई कधी बोलली का नाही?"

"तिला विचार."

"तुम्ही विचारा ना, बाबा."

"मी नाही विचारणार."

"तुम्ही फक्त एवढंच सांगा तिला, की..."

"नाही सांगणार," मी म्हणालो, आणि आवाज जरा चढलाच माझा, टॅक्सीवाल्यानं आरशातून बघितलं. "तुझी आई करत होती ते. मी करणार नाही. काय असेल ते तिला थेट सांग. माझ्यावरून जायचं नाही."

तिथे खोडली मी तुझी बेरीज, शुभा. परळच्या पुलावर, भर ट्रॅफिकमधे. केदार नाराज झाला. दुसऱ्या दिवशी निघाला तो बहिणीला "येतो"सुद्धा न म्हणता. ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मी स्वतःलाच म्हणालो, केलास ना घोटाळा! शुभानं निदान धुगधुगी राखली होती, तू तीही घालवलीस.

मेधाला सांगितलं तेव्हा ती भडकली. "बाबा! आईची शपथ होती!"

"तुला होती," मी म्हणालो, "मला कुठे होती?"

 ती हसायला लागली आणि हसता हसता असं रडू फुटलं तिला की काय सांगू. तेरा दिवसांत तशी रडली नव्हती. डोळे पुसून विचारलं, "तो काय म्हणाला?" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तुझ्यासारखं दोन चमचे साखर घालून सांगावं, की ताईच्या आठवणीनं पाणी आलं गं त्याच्या डोळ्यांत. गिळलं. म्हणालो, "त्यालाच विचार." मग तीही गेली.

त्यानंतरचे आठवडे माझे कसे गेले ते माझं मला माहीत. दोघं रोज सकाळी आलटून पालटून फोन करायची, बापाकडे काही कमी केलं नाही त्यांनी. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय काही जाईना. केदार म्हणायचा, "टोरांटोला म्हणे खूप बर्फ पडलाय." मी म्हणायचो, "असेल. मी गिरगावात राहतो." मेधा म्हणायची, "ऑकलंडची छोटी शाळेत जायला लागली असेल ना आता?" मी म्हणायचो, "तिच्या बापाचा नंबर आहे ना तुझ्याकडे?" फोन ठेवला की मलाच कसंनुसं व्हायचं. एवढंसं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? तू किती सहज करायचीस ते. तू नुसती निरोप्या नव्हतीस गं, आता कळतंय. इतकी वर्षं तू त्या दोघांना एकमेकांबद्दल चांगलं ऐकायची सवय ठेवलीस, म्हणून तर त्यांना अजून विचारावंसं वाटत होतं. हे तुला कधी बोललो नाही. तुझ्या खोटं बोलण्याला हसलो मात्र. आज सांगतो, शुभा, फार मोठं काम करत होतीस तू, आणि मला त्यातलं चिमूटभर जमत नव्हतं.

परवा रविवार होता. सकाळी चहा घेऊन फोनची वाट बघत बसलो. मेधाचा यायची वेळ टळली. म्हटलं झोपली असेल, पण राहवेना, मीच लावला. स्क्रीनवर आलं, दुसऱ्या कॉलवर आहेत. असू दे. केदारला लावला. तोही दुसऱ्या कॉलवर. मला काही उमगलं नाही. पंधराएक मिनिटांनी पुन्हा मेधाला लावला, दुसऱ्या कॉलवर. केदार, दुसऱ्या कॉलवर. फोन हातात धरून नुसता उभा राहिलो. आणि मग एकदम कळलं मला.

"अगं, शुभा!" म्हणून हाक मारली मी. मोठ्यानं मारली, शेजारच्यांनाही गेली असेल ऐकू. तू येणार नव्हतीस. तुला सांगायचं होतं तर ते सांगायला तूच नव्हतीस, म्हणून भिंतीला टेकून रडलो.

पुन्हा कुणालाही फोन लावला नाही. बोलू देत म्हटलं. वरण-भात लावला, आंघोळ केली. मेधाकडे मध्यरात्र उलटून गेली असेल. दुपार झाली, मी जेवलो, तरी दोघांपैकी एकालाही बापाला फोन करायची आठवण झाली नाही. तू गेल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं.